दोष लिनक्सचा की कुलूपबंद ड्रायव्हरचा?

चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर श्रीपेरुम्बुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै लागते. तामिळनाडू सरकारच्या सिपकॉट या संस्थेने वसविलेल्या येथील औद्योगिक वसाहतीत ह्युंदाईचा मोटार कारखाना १९९८ पासून उत्पादन करीत आहे. येथून श्रीपेरुम्बुदूरपर्यंतच्या पट्ट्यात मोटारींबरोबरच मोबाईल फोन आणि लॅपटॉप यांचीही जुळणी होते; डेल कंपनीने आपला कारखाना या भागात २००७ साली सुरू केला. लॅपटॉप जुळतो तो येथील कामगारांच्या हातांनी. परंतु त्यात बसविलेल्या ग्राफिक्स चिपला आज्ञा कशा द्यावयाच्या, हे ना त्या कामगाराला कळू दिले जाते, ना पदरचे पैसे मोजून लॅपटॉप विकत घेणाऱ्याला. ते गुपित चिप बनविणाऱ्या परदेशी कंपनीच्या कुलुपात राहते.

हा केवळ तज्ज्ञांच्या चर्चेचा विषय आहे असे समजण्याचे कारण नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार काढून घेतला, आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारी असंख्य धडधाकट यंत्रे एका फटक्यात ‘जुनी’ ठरली. नवा लॅपटॉप घेण्याची ऐपत नसलेले विद्यार्थी, शिक्षक, छोटी कार्यालये आणि कामगार संघटना यांच्यापुढे लिनक्स हाच व्यवहार्य मार्ग उरतो. लिनक्स बसविले जाते. आणि कित्येकदा पडदा काळा पडतो, अक्षरे अवाढव्य दिसू लागतात, पंखा घरघरतो किंवा झोपविलेले यंत्र पुन्हा जागेच होत नाही. मग दुकानदार आणि स्वयंघोषित जाणकार निकाल देऊन मोकळे होतात : ‘फुकटचे ते फुकटचेच! लिनक्स सामान्य माणसाचे काम नव्हे.’

निकालाची तपासणी

हा निकाल वस्तुस्थितीच्या कसोटीवर क्षणभरही टिकत नाही. प्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. कर्नल आणि चिप यांच्यातील दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. इंटेलने आपल्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर अनेक वर्षे खुले ठेवले आहेत. एएमडीने २००७ पासून आपल्या चिपांची तांत्रिक कागदपत्रे प्रसिद्ध करावयास सुरुवात केली. त्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच समाविष्ट असतात. म्हणून असे लॅपटॉप लिनक्स बसविताच बहुधा विनातक्रार चालतात. कर्नल तोच, बसविणारा माणूस तोच. फरक एवढाच की एका ठिकाणी माहिती खुली आहे आणि दुसऱ्या ठिकाणी दडवून ठेवलेली आहे.

एनव्हिडियाची कहाणी याहून निराळी. तिने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला, पण बंद पेटीत. तेव्हा स्वयंसेवी कार्यकर्त्यांनी चिपच्या वर्तनाचे बारकाईने निरीक्षण करून ‘नूवो’ हा मुक्त ड्रायव्हर स्वतः रचला. कागदपत्रांवाचून उभे केलेले हे काम बुद्धीच्या सहकारी श्रमाचा उत्तम नमुना आहे. परंतु २०१४ पासूनच्या चिपांत कंपनीने स्वतःच्या सहीचे फर्मवेअर सक्तीचे केले, आणि नूवोला चिपचा वेग वाढविणेच अशक्य झाले. पूर्ण किंमत मोजलेली चिप मालकाच्याच यंत्रात रांगू लागली. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१२ साली फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात याच कंपनीला ‘आजवर गाठ पडलेल्यांत सर्वांत वाईट’ ठरविले होते, ते उगाच नव्हे.

लॅपटॉपधारकाचे हाल तर दुप्पट. २०१० पासून एनव्हिडियाने ऑप्टिमस ही योजना आणली : साध्या कामाला इंटेलची चिप, जड कामाला एनव्हिडियाची. जड काम तेवढे दुसऱ्या चिपकडे सोपविण्याची रीतसर सोय कंपनीच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये येण्यास २०१९ साल उजाडावे लागले.

‘बाजारपेठ लहान’ ही सबब

कंपनीचे वकील म्हणतात, लिनक्स वापरणारे मूठभर. त्यांच्यासाठी खर्च कोणी करावा? ही निव्वळ दिशाभूल आहे. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच चालते. पुण्याच्या सीडॅकमधील, २०२३ साली त्या यादीत आलेला ‘ऐरावत’ही लिनक्सवर चालतो, आणि त्यात चिपा आहेत त्या एनव्हिडियाच्याच! म्हणजे जेथे कोट्यवधींची खरेदी होते तेथे लिनक्स उत्तम चालते, आणि जेथे गिऱ्हाईक एकटे व दुबळे असते तेथे ते ‘अवघड’ होते. अडचण तंत्राची नाही, नफ्याच्या हिशेबाची आहे.

मे २०२२ मध्ये कंपनीने ड्रायव्हरचा कर्नलमधील भाग खुला केला. मुक्त ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना त्याचा उपयोग झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ही सवलत २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्या चिपांनाच लागू आहे. बरेचसे काम चिपमधील बंद फर्मवेअरकडे सरकविले आहे, आणि वरचा मोठा भाग अजूनही कुलूपबंद आहे. दुसरीकडे, २०१० च्या फर्मी पिढीच्या ड्रायव्हरचा आधार २०२२ अखेर संपला. बंद ड्रायव्हर कंपनीने सोडून दिला की नव्या कर्नलशी त्याचा मेळ बसविणे इतरांना फार अवघड होऊन बसते. जुने यंत्र वापरणारा, म्हणजेच गरीब, आधी बाहेर फेकला जातो.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचे मूळही अशाच एका कुलुपात आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन यांना झेरॉक्सच्या छपाई यंत्राची मूळ आज्ञावली नाकारण्यात आली. १९८३ साली त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली.

काय करावयाचे?

प्रथम व्यवहाराची गोष्ट. लॅपटॉप घेताना ग्राफिक्स चिप कोणाची आहे ते पाहावे; जुना घेताना लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून तो चालवून पाहूनच पैसे द्यावेत. एनव्हिडिया असल्यास कंपनीच्या संकेतस्थळावरची फाईल न चालविता आपल्या लिनक्स वितरणाच्या भांडारातूनच ड्रायव्हर घ्यावा, म्हणजे कर्नल बदलला तरी तो सहसा नव्याने जुळतो. पडदा काळा पडल्यास ‘नोमोडसेट’ हा पर्याय देऊन यंत्र सुरू करता येते. ‘सिक्युअर बूट’ चालू असेल तर ड्रायव्हरची सही यंत्रात नोंदवावी लागते. ती नसल्यास कर्नल त्याला दारातच अडवितो.

परंतु हे झाले वैयक्तिक उपाय. कुलूप सार्वजनिक आहे, तेव्हा ते सार्वजनिक शक्तीनेच उघडावे लागेल. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले, आणि त्याआधीच चेन्नईच्या सीडॅकने ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली सिद्ध केली होती. पण चिप कुलूपबंद राहिली तर स्वदेशी प्रणाली तिच्या दारात याचकच ठरते. तामिळनाडू सरकारने २०११ साली सुरू केलेल्या योजनेत लाखो विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप दिले. एवढ्या मोठ्या सरकारी खरेदीच्या निविदांत एकच अट घातली पाहिजे : ज्या चिपचा ड्रायव्हर खुला नाही, ती जनतेच्या पैशाने विकत घेतली जाणार नाही. एकट्या गिऱ्हाईकाची तक्रार कंपनीला ऐकू येत नाही. लाखोंची मागणी हातची जाऊ लागली की तिला ऐकावेच लागेल. ही मागणी शिक्षकांच्या, विद्यार्थ्यांच्या आणि कामगारांच्या संघटनांनी आता जोराने लावून धरली पाहिजे.