"रंग कुठायत?"

तर झालं असं, की दिवाळीत भाच्यानं आमच्या नायगावच्या गल्लीचं चित्र काढलं. नुसत्या काळ्या बॉलपेननं, रेघा मारमारून. बघणाऱ्यांचं म्हणणं एकच: "रंग कुठायत?" वर हेही, की फोनवर फोटो टाकला की असं एका सेकंदात होतं! पोरानं वही मिटली ती मिटलीच. बोलणाऱ्यांपैकी निम्मे हा ब्लॉग वाचतात, म्हणून इथंच भांडतो.

शार्ल मेरियों नावाचा फ्रेंच चित्रकार होता. आधी नौदलात अधिकारी. त्याला रंग नीट ओळखू यायचे नाहीत, म्हणून तो एचिंगकडे वळला. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईनं रेघ ओढून तांबं उघडं करायचं आणि पत्रा ॲसिडात ठेवायचा. जास्त वेळ ठेवला की रेघ खोल जाते, शाई जास्त धरते, छाप काळीभोर येते. रेघ नाही तिथं कोरा कागद. म्हणजे चित्रातलं ऊन रंगवलेलं नसतं, राखलेलं असतं!

१८६२ साली त्यानं पॅरिसची 'र्यू दे शांत्र' ही अरुंद गल्ली अशीच छापली. उभा कागद, दोन्हीकडे उंच भिंती, आत आत निमुळत्या होत जाणाऱ्या रेघा आणि मागं नोत्र दामचा तेव्हा नवाकोरा असलेला मनोरा. (हा मनोरा २०१९ च्या आगीत कोसळला.)

आता सांगा, यात रंगांवाचून काय अडलं?

राहिला फोन. कॅमेऱ्याला काळं दिसलं ते तो काळं करतो, बस्स. फोटो वाईट असं मी म्हणत नाही, पण कुठली भिंत अंधारात ढकलायची आणि कुठं हात आवरायचा, हे ठरवायला माणूस लागतो. लांबची गल्ली निमुळती काढायला पट्टी शिकवते. इंटरमिजिएटच्या परीक्षेला आपणही ते घोकलंय. उजेड पट्टी शिकवत नाही.

भाच्यानं जुन्या वाड्याची भिंत रेघांवर रेघा मारून गच्च काळी केली होती आणि गल्लीचं तोंड, जिथं रस्त्यावरचं ऊन आत येतं, ते कोरं सोडलं होतं. हे त्याला कुणी शिकवलं नाही. तो तिथं दुपारभर बसला होता. एकजण म्हणाले, "भिंत वाकडी आलीय." अहो, ती वाकडीच आहे! चाळीस वर्षं तुम्ही तिच्यावरून जाताय.

असो. काका, आत्या, पुढच्या खेपेला रंग विचारू नका. "इथं इतकं काळं का केलंस?" एवढं विचारा. मग बघा, पोरगं किती बोलतं ते.