दोन औषधे हरल्यावर

नैराश्याची दोन औषधे पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही गुण येत नसेल, तर पुढे काय? माझे तसेच आहे, आठ वर्षांपासून. डॉक्टरांनी आरटीएमएस सुचवले. डोक्याला चुंबकीय स्पंदने द्यायची, आठवड्यातून पाच दिवस, चार-सहा आठवडे. भूल नाही, भरती नाही. भरती नाही म्हणूनच विमा कंपनीने दावा नाकारला.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम २१ सांगते, विम्यात मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराइतकाच हक्क आहे. डायलिसिसलाही रात्री राहावे लागत नाही, तरी त्याचा खर्च मिळतो. मग इथे का नाही?

मला पगार आहे, खिशातून भरले. भिवंडीतल्या मागावरच्या तरुणाने महिनाभर खाडे करून कुठे जायचे? घरचे त्याला दर्ग्यावर नेतात आणि आपण त्यांना अडाणी ठरवतो. दुआ असू द्या. परवडणारी दवा जवळ नसेल, तर दोष व्यवस्थेचा आहे.

दोस्तांनो, विम्याचा नकार लेखी घ्या. आधी कंपनीकडे, मग विमा लोकपालाकडे तक्रार करा. जिल्हा रुग्णालयात या उपचाराची मागणी आपल्या निवेदनांत यायला हवी. आणि आजची रात्र जड जात असेल, तर १४४१६ वर टेली-मानसला फोन करा. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते.