पोटाची चाकरी आणि गाण्याचे इमान

कवीला किंवा शाहिराला पोटासाठी दुसरी नोकरी करावी लागणे ही समाजाच्या करंटेपणाची खूण आहे, असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. एखाद्या वृद्ध शाहिराच्या दैन्यावस्थेची बातमी वर्तमानपत्रात झळकते, चार दिवस हळहळ व्यक्त होते, शासनाच्या नावाने बोटे मोडली जातात आणि मानधन वाढवून देण्याची मागणी पुन्हा एकदा होते. मागणी रास्तच आहे. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची राज्य शासनाची योजना १९५४-५५ पासूनची. तिच्यातील राष्ट्रीय, राज्य व जिल्हा अशी वर्गवारी मोडून २०२४ साली सर्वांना सरसकट दरमहा पाच हजार रुपये देण्याचे ठरले. पुण्यासारख्या शहरात या पाच हजारांत एका खोलीचे भाडेही धड निघत नाही, हे कोणालाही सांगण्याची आवश्यकता नाही.

परंतु मानधनाचा आकडा दुप्पट झाला तरी मूळ प्रश्न शिल्लकच राहतो. लोकांसाठी गाणी लिहिणाऱ्याने जगावे कशावर, आणि तो ज्यावर जगतो त्याचा त्याच्या गाण्यावर परिणाम काय होतो? समाजवादी चळवळीने या प्रश्नाची तात्त्विक चर्चा फारशी केली नाही. तिने त्याचे उत्तर प्रत्यक्ष व्यवहारातून दिले, आणि त्या उत्तराचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे वसंत बापट.

बापटांचा जन्म २५ जुलै १९२२ चा, कराडचा. शिक्षण पुण्यात झाले. बेचाळीसच्या आंदोलनात ते ओढले गेले आणि १९४३ ते १९४५ या काळात तुरुंगात राहिले. सुटून आल्यावर त्यांच्यापुढे त्या पिढीतील प्रत्येक तरुणापुढे होते तेच दोन रस्ते होते: पूर्णवेळ चळवळ किंवा नोकरी. बापटांनी प्राध्यापकी पत्करली. मुंबईच्या नॅशनल आणि रुइया महाविद्यालयांत त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली, पुढे मुंबई विद्यापीठात तौलनिक साहित्याच्या टागोर अध्यासनावर काम केले आणि रीतसर निवृत्त झाले. हजेरीपट, उत्तरपत्रिका, अभ्यासमंडळांच्या बैठका हे सारे त्यांनी इतर चार प्राध्यापकांप्रमाणेच केले. आणि त्याच वेळी, त्याच माणसाने राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासाठी गाणी, पोवाडे, संवादिका आणि नृत्यनाट्ये लिहिली. हे काम दोन-चार वर्षांचे नव्हते. ते जन्मभराचे होते.

सेवा दलाचे आजचे रूप ४ जून १९४१ चे, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे, शिरुभाऊ लिमये यांनी उभे केलेले. शाखेवर खेळ, कवायत आणि बौद्धिक होतेच, परंतु खेड्यातील माणूस बौद्धिकाला येत नाही, तो गाण्याला येतो, हे या मंडळींनी लवकर ओळखले. साने गुरुजींनी तर चळवळीला गाण्याची दीक्षाच दिली होती. कलापथक त्यातून उभे राहिले. त्याने तमाशाचा बाज घेतला, गण-गौळणीची रचना घेतली, वासुदेव, गोंधळी, भारुडकार यांच्या चाली घेतल्या आणि त्यांत जमीनदारी, जातिभेद, काळाबाजार हे विषय भरले. पु. ल. देशपांडे यांचे ‘पुढारी पाहिजे’ हे वगनाट्य याच रंगमंचावरचे. ‘महाराष्ट्र दर्शन’ आणि ‘भारत दर्शन’ हे कार्यक्रम पाहिलेली माणसे आजही त्यांची आठवण काढतात. तमाशा म्हणजे पांढरपेशांनी नाक मुरडण्याची वस्तू, असा समज असलेल्या काळात सुशिक्षित घरांतील मुलामुलींनी एका फळीवर उभे राहून हे खेळ करणे ही स्वतंत्र सामाजिक क्रांतीच होती, मात्र तो विषय निराळा.

येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की कलापथक मिळकतीचे साधन नव्हते. त्यात उभा राहणारा जवळजवळ प्रत्येक जण दिवसा दुसरे काही तरी करीत होता. निळू फुले पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत. त्यांचा पगार महिना ऐंशी रुपये आणि त्यातील दहा रुपये ते सेवा दलाला देत. राम नगरकर केशकर्तनाचा घरचा व्यवसाय सांभाळीत, आणि त्या अनुभवांतूनच पुढे त्यांची ‘रामनगरी’ जन्मली. दादा कोंडके मुंबईत ‘अपना बाजार’मध्ये नोकरीला होते. पगाराचा आठवा हिस्सा संघटनेला देणारा माळी १९५७ च्या निवडणुकीसाठी लोकनाट्य लिहितो, ही गोष्ट आज एखाद्या व्यवस्थापन-तज्ज्ञाला सांगितली तर त्याला ती गणितात बसवता येणार नाही. येथे कलावंताला मोबदला मिळत नव्हता एवढेच नव्हे, तर कला सादर करण्याची किंमत तोच मोजत होता.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर या गाण्यांचा उत्पादनखर्च महाविद्यालयांनी, कारखान्यांनी, दुकानांनी आणि सरकारी बागांनी भरला होता; फक्त त्यांना ते ठाऊक नव्हते. बापटांचे घर त्यांच्या पगारावर चालत होते, म्हणून त्यांच्या गाण्याला गिऱ्हाईक शोधावे लागले नाही. चित्रपटाच्या निर्मात्याला एखादी ओळ खटकते म्हणून ती बदलण्याची पाळी कलापथकाच्या गाण्यावर येण्याचे कारण नव्हते, आणि तंबूच्या दारावरील तिकिटांच्या गल्ल्याकडे पाहून लावणी भडक करण्याचेही. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा जगाचा नियम आहे. बापटांची पोळी आणि बापटांची टाळी यांचे धनी निराळे होते. त्यांच्या गाण्याचे इमान टिकले याचे एक कारण या साध्या व्यवस्थेत आहे; आणि प्रतिभेची महती गाताना ते विसरले जाते.

या स्वातंत्र्याची खरी परीक्षा त्यांच्या उत्तरायुष्यात झाली. १९९९ साली मुंबईत भरलेल्या बहात्तराव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. राज्यात युतीचे सरकार होते आणि संमेलनाला सरकारी अनुदान मिळाले होते. अनुदान घेता तर निमूट राहा, असा सूर सत्तेच्या बाजूने लागला आणि साहित्यिकांची संभावना चक्क जनावरांच्या बाजाराशी केली गेली. सत्त्याहत्तरीकडे झुकलेल्या बापटांनी अध्यक्षपदावरून त्याचा समाचार घेतला, आणि तोही आडपडदा न ठेवता. त्यांना गमवायचे काही नव्हते, असे कोणी म्हणेल. तेच तर म्हणायचे आहे. ज्याने जन्मभर गाण्याला पोटाचे ओझे वाहायला लावले नाही, त्याला सत्तेने गमवायला लावावे असे काही उरतच नाही.

अर्थात या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. प्राध्यापकाची कायम नोकरी ही सर्वांच्या वाट्याला येणारी गोष्ट नव्हती. त्याच काळात लाल बावटा कलापथकातून अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर गात होते. बेचाळीसच्या भूमिकेवरून त्या पक्षाशी समाजवाद्यांचे वैर होते आणि ते बोचरेही होते. म्हणून त्यांच्या शाहिरांची थोरवी नाकारता येत नाही. अण्णा भाऊंनी हमाली केली, गिरणीत काम केले. अमर शेख मोटारीवर क्लीनर होते, गिरणी कामगार होते. दोघांनीही पुढे सारे आयुष्य गाण्यात आणि पक्षकार्यात झोकून दिले. १९६९ च्या जुलैत अण्णा भाऊ विपन्नावस्थेत गेले आणि ऑगस्टमध्ये अमर शेख अपघातात. निवृत्तिवेतनाची पुरचुंडी त्यांच्यापैकी कोणाच्याही गाठीला नव्हती. ज्यांच्या घरात शिक्षण आधी पोचले त्यांना गाणे आणि पगार दोन्ही लाभले, ज्यांच्या घरात ते पोचले नाही त्यांना दोहोंपैकी एकाची निवड करावी लागली. जातीचा हा हिशेब बापटांच्या गौरवग्रंथांत मांडलेला आढळत नाही.

गाण्यांच्या गुणवत्तेबद्दलही सरसकट बोलून चालणार नाही. प्रसंगाच्या तगाद्याने लिहिलेली कलापथकाची काही पदे आज केवळ त्या प्रसंगाची कागदपत्रे म्हणून उरली आहेत. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळच्या वीरगीतांतील आवेश आज वाचणाऱ्याला थोडा अवघडवतो. परंतु शाळाशाळांतून सकाळी म्हटली जाणारी त्यांची प्रार्थनागीते पाहा. कोणी लिहिली हे म्हणणाऱ्या मुलांना ठाऊक नसते. लोकगीताची कसोटी हीच असेल, तर संस्कृताचे संस्कार घेतलेला हा प्राध्यापक त्या कसोटीला उतरला असे म्हणावे लागेल. विंदा करंदीकर आणि मंगेश पाडगावकर यांच्याबरोबर गावोगाव केलेल्या काव्यवाचनांनीही कवितेला सभागृहाबाहेरचा श्रोता मिळवून दिला. विंदाही प्राध्यापकच होते, हा योगायोग नव्हे.

पूर्णवेळ कार्यकर्त्याच्या पोटाचा प्रश्न चळवळीने पुढे दुसऱ्या मार्गानेही हाताळला. बाबा आढाव, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, नरेंद्र दाभोलकर यांनी १९८० च्या दशकात सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. आचार्य अत्रे यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग नामवंत नटांनी विनामोबदला केले, त्यातून निधी जमला आणि त्याच्या व्याजातून कार्यकर्त्यांना मानधन देण्यात येऊ लागले. ऐंशीतले दहा देणाऱ्या माळ्याने नट म्हणून नाव मिळवल्यावर चालवलेली ही तीच रीत. सरकारच्या तिजोरीकडे न पाहता समाजाने आपल्या कार्यकर्त्याला पोसावे, ही कल्पना मोलाची आहे. पण व्याजावर चालणारी व्यवस्था व्याजदर उतरले की आकसते, आणि मूठभरांपलीकडे ती पोचू शकत नाही. गाणाऱ्यांच्या एका संपूर्ण पिढीला ती तारणार नाही.

मग आजच्या पुण्यात विशीतला एखादा मुलगा किंवा मुलगी बापटांसारखी गाणी लिहू पाहील तर त्यांच्या वाट्याला काय येईल? प्राध्यापकाची नोकरी करायची तर राज्यातील महाविद्यालयांत कायम पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवली जातात आणि अध्यापक तासिका तत्त्वावर नेमले जातात. जितके तास शिकवले तितके पैसे, सुट्टीचे काहीच नाही. ज्या दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत कलापथकाने दौरे काढावेत, त्या सुट्ट्या या अध्यापकाला उपासमारीचे महिने वाटतात. चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून लागले तर पुढच्या वर्षी काम असेल की नाही याची शाश्वती नाही. दुचाकीवरून घरोघरी जेवणाचे डबे पोचवणाऱ्याला तर संध्याकाळच नसते. इतरांची संध्याकाळ हीच त्याच्या धंद्याची वेळ. तालमीला जमायचे कोणी आणि कधी?

याचसाठी कामाच्या तासांचा प्रश्न हा केवळ वेतनाचा किंवा आरोग्याचा प्रश्न नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळवून दिली. तो सत्यशोधक होता, आणि ती सुट्टी नुसती झोपण्यासाठी नव्हती. आठवड्यातला एक दिवस समाजाच्या कामी यावा ही त्यामागील दृष्टी होती. गिरणगावातील भजनी मंडळे, नाटके आणि शाहिरी त्या मोकळ्या वेळेवर वाढली. आता चाक उलटे फिरू लागले आहे. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत, आणि दुकाने व आस्थापनांतील मर्यादा नऊवरून दहा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. जादा तासांना जादा दर मिळेल, कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, असे सांगण्यात आले. ज्याची नोकरीच कंत्राटदाराच्या मर्जीवर आहे त्याच्या संमतीला किंमत किती, हे शासनाला कळत नाही असे नव्हे. बारा तास कारखान्यात, दोन तास हिंजवडी-चाकणच्या वाहतूककोंडीत, आणि उरलेल्यात जेवण व झोप. या वेळापत्रकात पोवाडा बसत नाही.

नोकरीबाहेर राहून गाणाऱ्यांची वाटही सोपी ठेवलेली नाही. गुजरातच्या दंगलींनंतर पुण्यातच जन्मलेल्या कबीर कला मंचाच्या गायकांना २०२० साली एल्गार परिषदेच्या प्रकरणात अटक झाली आणि खटला उभा न राहताच वर्षांमागून वर्षे गेली. त्यांची राजकीय मते चळवळीला मान्य असोत वा नसोत, न्यायनिवाड्याविना तुरुंग हा गाण्यावरचा कर आहे, आणि तुरुंगातून सुटून आलेल्या कवीच्या गाण्यांवर वाढलेल्या संघटनेने तो निमूट पाहणे शोभणारे नाही.

पक्षाच्या अधिवेशनांतून कामगारविषयक ठराव होतात तेव्हा त्यांत वेतन, भविष्यनिर्वाह निधी, आरोग्यविमा यांचा उल्लेख असतो. तासांचा उल्लेख असलाच तर तो सुरक्षिततेच्या कलमाखाली येतो, आणि सांस्कृतिक आघाडीचा ठराव शेवटच्या दिवशी, अर्धे प्रतिनिधी गाडी पकडायला निघाल्यावर वाचून दाखवला जातो. हे दोन ठराव एकत्र लिहावेत. तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या कायम नेमणुकांसाठी जो मोर्चा निघेल त्यात शाहिरांना केवळ घोषणा देण्यासाठी बोलावू नये. तो त्यांचाही प्रश्न आहे. आणि पुण्यातल्या शाखांनी एवढे तरी पाहावे की रात्री नऊनंतर कामावरून सुटून येणाऱ्या चार पोरांना डफ आणि पेटी घेऊन बसण्यासाठी एखादी खोली उघडी असेल आणि तिची किल्ली मागण्यासाठी त्यांना कोणाच्या पत्राची गरज पडणार नाही.