झिरा आणि वाळूचा खड्डा



'वाळूचा खड्डा' हे शब्द आपण किती ठिकाणी वापरतो, पाहा. शाळेच्या मैदानावर लांब उडीसाठी वाळू भरतात तो खड्डा. बालवाडीत लहानग्यांना खेळायला केलेला हौद, तोही वाळूचा खड्डाच. उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या पात्रात पाण्यासाठी उकरतात त्याला आपण झिरा म्हणतो. आणि पोकलेन लावून, ट्रक भरून नेल्यावर पात्रात जे उरते तेही वाळूचे खड्डेच. यांतला झिरा पाणी देतो आणि शेवटचा खड्डा पाणी नेतो. भीमा, भामा, इंद्रायणीच्या काठी ज्यांची जमीन आहे, त्यांनी हा फरक नीट समजून घ्यावा.

झिऱ्याला पाणी येते कोठून? वाळूच्या कणाकणांमध्ये पोकळी असते, साधारण एकतृतीयांश. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट वाळू. ती पुरती भिजलेली असेल तर तिच्या पोटात हजार लिटरच्या आसपास पाणी मावते. त्यातले थोडे कणांना चिकटून राहते. बाकीचे हळूहळू झिरपत काठच्या विहिरींना मिळते. उघड्या डोहाचे पाणी ऊन पिऊन टाकते, पण वाळूखाली दोन-तीन फुटांवर उन्हाचा हात फारसा पोचत नाही. म्हणून नदी आटल्यावरही आपल्या आया-आज्या करवंटीने झिरा उपसून घागर भरू शकत. आता हिशेब करा. तीन ब्रासचा एक ट्रक गेला, म्हणजे दर पावसाळ्यात भरणारी तीन हजार लिटरची टाकीच गावातून गेली.

पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० साली झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली. पुढे चाकणकडे कारखाने आले. शेड, रस्ते, इमारती, सगळ्यांना वाळू लागली. घरे बांधू नयेत असे कोण म्हणेल? आपलीही पक्की घरे त्याच वाळूची आहेत. पण नदी वाळू आणते ती पुराबरोबर, आणि वर पवना, चासकमान, भामा आसखेड अशी धरणे असल्याने बरीचशी वाळू तेथेच अडते. मग खड्डा भरून यायचा कसा? पात्र खाली जाते, तसे काठच्या विहिरीचे पाणीही खाली उतरते. आपण मात्र पाऊस कमी झाला असे म्हणून विहीर आणखी खोल करीत बसतो.

दुसरा धोका पोराबाळांचा. गेल्या वर्षी गुडघाभर पाणी होते म्हणून मुलगा त्याच जागी म्हशी धुवायला उतरतो. गढूळ पाण्याखाली खड्डा दिसत नाही, आणि त्याची वाळूची कड पाय देताच ढासळते. मे महिन्यात पात्र कोरडे असताना मुलांना सोबत नेऊन हे खड्डे दाखवा. ग्रामपंचायतीकडून काठावर ठळक फलक लावून घ्या.

कायदा आपल्या बाजूला आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नदीपात्रात ३ मीटरपेक्षा खोल किंवा पाण्याच्या पातळीखाली खोदायचे नाही. विनापरवाना उपशावर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली दंड होतो. तक्रार तहसीलदारांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. एकट्याने ट्रक अडवायला जाऊ नका. चार जणांच्या सह्यांचा अर्ज जास्त काम करतो.

आपल्या पट्ट्यात आणखी एक वाळू मिळते, फौंड्रीतली काळी वाळू. ओतकामाचे साचे करून झाले की ती टाकून देतात, कधी कोणी फुकट आणूनही टाकतो. तीत कोळशाची भुकटी, माती, कधी राळेसारखी रसायने व धातूचे कण असतात. शेतात, विहिरीजवळ किंवा मुलांच्या हौदात ती मुळीच घेऊ नका.

स्वतःच्या शिवारात मात्र वाळूचा एक खड्डा जरूर करा, विहिरीच्या पुनर्भरणासाठी. विहिरीपासून थोड्या अंतरावर सुमारे दोन मीटर लांब, रुंद व खोल खड्डा घ्या. तळाला मोठे दगड, त्यावर खडी, सर्वांत वर वाळू. तळातून विहिरीत नळी सोडा. शेतातले वाहते पाणी आधी लहान खड्ड्यात थांबवून गाळ बसू द्या, मग यात घ्या. वाळू गाळ अडवते. पाण्यात विरघळलेले रसायन अडवत नाही. म्हणून कारखान्याच्या बाजूने येणारा ओढा किंवा नुकत्याच फवारलेल्या कांद्याच्या रानातले पाणी या खड्ड्यात आणू नका. हंगामातला पहिला पाऊसही बाहेरच वाहू द्या. दरवर्षी वळवापूर्वी वरची दोन-तीन इंच वाळू खरवडून, धुऊन पुन्हा पसरा.