चड्डी ओली, शिक्षा कशाला?

‘अडीच वर्षांचा झाला, अजून चड्डीत शू करतो,’ ही तक्रार शाळाप्रवेशाच्या दिवसांत ओपीडीत हमखास ऐकू येते. डायपर सुटल्याशिवाय मूल घेणार नाही, असं नर्सरीवाले सांगतात आणि घरात धपाटे सुरू होतात.

तान्ह्या बाळाचं मूत्राशय भरलं की आपोआप रिकामं होतं. भरल्याची जाणीव होणं आणि मेंदूनं ‘थांब’ म्हणणं, हे साधारण दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान जमू लागतं. आजी ‘शूऽऽ’ करत बाळाला पायांवर बसवते तेव्हा वेळ आजीनं ओळखलेली असते, बाळानं नव्हे. (त्यात वाईट काही नाही, लंगोट वाचतात.) चड्डी दोनेक तास कोरडी राहू लागली, मूल शू झाल्याचं सांगू लागलं, की भांड्यावर बसवायला सुरुवात करावी. रात्रीचा ताबा आणखी उशिरा येतो. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होणं हा आजार नाही. त्यानंतरही तो हट्ट नसतो. अनेकदा आई किंवा वडिलांचंही लहानपणी तसंच झालेलं असतं. मारून मेंदू लवकर पिकत नाही. शाळांनी ही अट काढावी आणि चड्डी बदलायला एक मावशी नेमावी.

बद्धकोष्ठाकडे मात्र बहुतेक घरांत दुर्लक्ष होतं. साठलेली शी मूत्राशयावर दाब देते; पोट साफ होऊ लागलं की कित्येकांची चड्डीही कोरडी राहते. सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा अंथरूण भिजवू लागलं, तर लघवी तपासून घ्या. सोबत तहान वाढली असेल, वजन उतरत असेल, तर त्याच दिवशी रक्तातली साखरही.