मदत की हक्क? जकात, लाडकी बहीण आणि आपण

नांदेड आणि लातूरच्या वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला एक वाक्य सतत ऐकायला मिळते : "फुकटचा पैसा माणसाला आळशी करतो." रमजानमध्ये देगलूर नाक्याच्या परिसरात दुकानांपुढे गरीब बायकांची रांग लागली की हे वाक्य कानावर येते. लाडक्या बहिणीचे पैसे जमा झाले आणि ग्राहक सेवा केंद्रापुढे आपल्याच आयाबायांची गर्दी झाली, तरी हेच वाक्य. बोलणारे सगळे सवर्ण असतात असेही नाही. शिकलेले, नोकरीला लागलेले, जयंतीला निळा फेटा बांधणारे आपले तरुणही हे बोलतात. विधानसभेच्या २०२४ च्या निकालानंतर तर "पंधराशे रुपयांत मत विकले" असे स्वतःच्या आईला सुनावणारे तरुण आम्ही पाहिले. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

आमचे म्हणणे सरळ आहे. गरिबाच्या हातात थेट रोख पैसा देण्यात काहीही गैर नाही. तो कोणत्या नात्याने दिला जातो, हा खरा प्रश्न आहे. पैसा दिल्यावरही देणाऱ्याची सत्ता घेणाऱ्याच्या डोक्यावर राहत असेल, तर ती भीक. देताक्षणी ती सत्ता संपत असेल, तर तो हक्क. या एका कसोटीवर मुस्लिम समाजाची जकात, सरकारची थेट खात्यात येणारी मदत आणि आपल्या चळवळीचे दान, अशा तिन्ही गोष्टी तपासायला हव्यात.

जकात म्हणजे नेमके काय?

मराठी माणसाला जकात म्हटले की जकात नाका आठवतो. शब्द तोच आहे, अरबीतून आलेला. नगरपालिकेच्या कराला आपण जे नाव दिले, तेच मुळात इस्लाममधल्या गरिबांच्या वाट्याचे नाव आहे. म्हणजे जकात हे मनात आले तर करायचे पुण्यकर्म नाही. ती नमाज आणि रोजासारखीच सक्तीची आहे. इच्छेने द्यायच्या दानाला वेगळा शब्द आहे, सदका.

हिशेबही ठरलेला आहे. कर्ज वजा जाता साधारण ८७ ग्रॅम सोने किंवा ६१२ ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी संपत्ती चांद्र वर्षभर ज्याच्याकडे राहिली, त्याने तिचा अडीच टक्के भाग द्यायचा. राहते घर आणि रोजच्या वापराच्या वस्तू यात धरत नाहीत. रोकड, सोने, चांदी आणि दुकानातला विक्रीचा माल धरतात. इतवाऱ्यातल्या एखाद्या कापड दुकानदाराकडे असा दहा लाखांचा ऐवज असेल, तर वर्षाला २५ हजार रुपये गरिबांचे झाले. हा भाग संपत्तीवर आहे, हे विशेष. आपल्या देशाने २०१५ च्या अर्थसंकल्पात संपत्ती कर रद्दच करून टाकला. आज मोलकरीण साबणाच्या वडीवर जीएसटी भरते, आणि कोट्यधीशाच्या साठवलेल्या संपत्तीवर वार्षिक कर नाही.

जकात कोणाला द्यायची याची यादी कुराणाच्या सूरह तौबामध्ये आहे. आठ प्रकारचे हक्कदार. त्यात निर्धन आणि गरजू आहेत, वाटेत अडकलेला प्रवासी आहे, कर्जात बुडालेला माणूस आहे आणि गुलामीत अडकलेल्याची मान सोडवणे हेही आहे. शेवटच्या दोघांकडे मराठवाड्याने नीट पाहावे. मुखेड, कंधार, लोह्याकडून दरवर्षी ऊसतोडीला निघणारे जोडपे मुकादमाकडून उचल घेते आणि ती फिटेपर्यंत त्याच्या ताब्यात राहते. कर्ज आणि गुलामी एकाच कोयत्यावर कशी बसते, हे आपल्याला पुस्तकातून शिकायची गरज नाही.

आणखी एक नियम आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. भारतातले बहुसंख्य मुस्लिम ज्या हनफी परंपरेचे आहेत, तिच्यानुसार जकातीची रक्कम घेणाऱ्याच्या पूर्ण मालकीची झाली पाहिजे. याला तम्लीक म्हणतात. म्हणूनच जकातीच्या पैशातून मशीद बांधता येत नाही. इमारत कोण्या गरिबाच्या मालकीची होत नाही. पैसा हातात पडला की तो त्याचा. औषध आणायचे की शाळेची फी भरायची, ते तो ठरवणार.

हक्क म्हटल्याने हक्क होत नाही

इथे आपला इतिहास आठवला पाहिजे. गावोगाव महारांना बावन्न हक्क मिळाल्याची आख्यायिका सांगितली जाते. तिच्यात हे हक्क देणारा बादशहा आपल्या शेजारच्या बिदरचाच आहे. दारोदार फिरून भाकर मागणे हा त्यातलाच एक 'हक्क' होता. त्या शिळ्या भाकरीच्या बदल्यात अख्ख्या गावाची रात्रंदिवस वेठ करावी लागे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या विरोधात विधेयक मांडले, कारण वतनाचा हक्क ही बेडी होती. देणाऱ्याची सत्ता तिथे कधी संपतच नव्हती.

याच्या उलट उदाहरणही बाबासाहेबांच्याच आयुष्यात आहे. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. ती थेट रोख मदतच होती. त्यातला किती पैसा जेवणावर आणि किती पुस्तकांवर घालायचा, हे त्या तरुणाने ठरवले. 'फुकटच्या पैशाने' तो आळशी झाला का? मात्र शिष्यवृत्तीला बडोद्यात नोकरी करण्याची अट होती, आणि १९१७ मध्ये त्याच नोकरीत त्यांना काय अपमान सोसावा लागला, हे आपण सगळे जाणतो. पैशाने माणूस उभा राहिला, अटीने त्याला पुन्हा जातीच्या तावडीत नेले. आमचा मुद्दा यापेक्षा वेगळा नाही.

आळशीपणाचे आणि दारूचे जे आरोप होतात, त्यांची तपासणी झालेली आहे. मध्य प्रदेशात सेवा संघटनेने युनिसेफच्या मदतीने २०११ पासून काही गावांत प्रत्येक माणसाला दरमहा विनाअट रोख रक्कम दिली. मुलांचे पोषण सुधारले, लोक स्वतःच्या शेतीत आणि धंद्यात जास्त काम करू लागले, सावकाराचे कर्ज कमी झाले. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये अनेक देशांतले असे अभ्यास एकत्र तपासले. रोख मदतीमुळे दारू आणि तंबाखूवरचा खर्च वाढतो, असे त्यांना आढळले नाही. गरिबाला पैशाची किंमत कळत नाही, हा समज पुराव्यावर उभा नाही, तो तुच्छतेवर उभा आहे.

जकात कुठे कमी पडते?

चांगले म्हटले म्हणजे टीका करू नये असे नाही. पहिली गोष्ट, जकात विखुरली जाते. रमजानच्या महिन्यात शंभर-दोनशे रुपये शंभर हातांत पडतात, ईद गोड होते, आणि पुढचे अकरा महिने तसेच राहतात. एका विधवेला दहा दारांवर उभे राहून जे मिळते, त्यात शिलाई मशीन येत नाही. रांगेत उभे करून दिलेला पैसा तम्लीकच्या नियमात बसत असेल, पण माणसाची मान खाली घालायला लावतो. जिथे ही रक्कम एकत्र येते तिथे चित्र बदलते. दिल्लीची जकात फाउंडेशन १९९७ पासून काम करते आणि तिथून स्पर्धा परीक्षांची तयारी केलेली मुले प्रशासनात गेली आहेत.

दुसरी गोष्ट जातीची. मुस्लिमांत जात नाही, हे पुस्तकात. गल्लीत बिरादरी आहे. जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उगाच उभी केली नाही. जकात ओळखीतून आणि बिरादरीतून वाटली जात असेल, तर ज्यांच्या बिरादरीत देणाराच कोणी नाही, त्यांनी कुठे जायचे? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळायला १९९० उजाडले. दलित मुस्लिम अजून बाहेरच आहेत. त्यांची बाजू घेणे हे आपले काम आहे, उपकार नाही.

तिसरी गोष्ट, बहुतेक धर्मशास्त्री जकात मुस्लिमांपुरतीच मानतात. इतरांना सदका देता येतो. पण दुष्काळ धर्म विचारून येत नाही. आणि धर्माची व्यवस्था सरकारने हाती घेतली तर काय होते, तेही दिसले आहे. पाकिस्तानात झिया उल हक यांनी १९८० मध्ये बँक खात्यांतून सक्तीने जकात कापायला सुरुवात केली. शिया समाजाने आंदोलन करून सूट मिळवली, आणि बाकीचे लोक रमजान लागण्याआधी खात्यातून पैसे काढून घेऊ लागले. म्हणून सर्वांच्या गरिबीची जबाबदारी शेवटी धर्मनिरपेक्ष राज्यावरच येते. संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि अपंगत्वात सार्वजनिक साहाय्याचा उल्लेख आहेच.

सरकारच्या पैशाची कसोटी

आता सरकारकडे पाहू. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार आणि २०२३ पासून नमो शेतकरीचे आणखी सहा हजार, असे बारा हजार रुपये ज्याच्या नावावर जमीन आहे त्यालाच मिळतात. अतिवृष्टीची मदतही हेक्टरी. सातबारा नसलेल्या मजुराची पिढ्यान्‌पिढ्यांची भूमिहीनता इथे पुन्हा एकदा शिक्षा होऊन येते. संजय गांधी निराधार योजनेत दीड हजार मिळवायचे, तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत दाखवावे लागते. म्हणजे दिवसाला ५८ रुपये. खरे बोलणारा गरीब अपात्र ठरतो.

लाडकी बहीण योजनेने २१ ते ६५ वयाच्या बाईच्या स्वतःच्या खात्यात दरमहा १५०० रुपये टाकले. ज्या बाईच्या नावावर आयुष्यात काही नव्हते, तिला आपले म्हणता येईल असा पैसा मिळाला. आम्ही याचे स्वागत करतो. पण या पैशामागे कायदा नाही, शासन निर्णय आहे. निवडणुकीआधी सढळ हाताने वाटायचे आणि निवडणुकीनंतर अपात्र ठरवत नावे कापायची, हे करता येते ते याचमुळे. भाऊ ओवाळणी देतो, ती मागून घ्यायचा हक्क बहिणीला नसतो. योजनेच्या नावातच देणाऱ्याची सत्ता बसलेली आहे.

आणि हा पैसा आला कुठून? २०२५ च्या मे महिन्यात या योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी रुपये वळवले गेले. खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. आईच्या खात्यात दीड हजार टाकायचे आणि पोराच्या वसतिगृहाचा, शिष्यवृत्तीचा पैसा काढून घ्यायचा, याला कल्याण म्हणत नाहीत. स्वाधार योजनेचे पैसे वर्ष सरत आले तरी अनेकदा येत नाहीत, आणि लातूरमध्ये क्लासची फी लाखाच्या घरात आहे. दीड हजारात ती खिंड लढवता येत नाही. रोख मदत शाळा, दवाखाना, रेशन यांच्या जोडीला हवी. त्यांच्या जागी आली तर ती फसवणूक आहे.

तेव्हा आईला दोष देणे थांबवा. मागणी बदला. रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिली, पण तिला बळ आले १९७७ च्या कायद्याने. तसाच कायदा रोख साहाय्यासाठी मागा, आणि त्यात भूमिहीन मजूर पहिला असू द्या. कर्नाटक आणि आंध्र प्रदेशाने २०१३ मध्ये अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी सुरक्षित ठेवणारे कायदे केले. महाराष्ट्राने का करू नये?

आणि आपण?

दुसऱ्यांना कसोटी लावली, आता आपली पाळी. नांदेडला गुरुद्वारात शीख समाजाचा दसवंध चालतो, मुस्लिमांची जकात चालते. आपल्याकडे काय आहे? धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यासाठी देण्यास सांगितले होते. तो विसावा भाग आज कुठे जातो? डीजेला, बॅनरला, आणि वह्या वाटतानाच्या फोटोला. ज्या मुलाच्या हातात दोन वह्या देऊन आपण त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतो, त्याच्यावरची सत्ता आपण सोडलेली नसते.

हिशेब करून पाहा. ४० हजार पगाराचा विसावा भाग म्हणजे दोन हजार रुपये. असे पन्नास नोकरदार नांदेडला नाहीत? लातूरला नाहीत? पन्नास जण मिळून दरमहा एक लाख होतात, म्हणजे पन्नास विद्यार्थ्यांना वर्षभर दरमहा दोन हजार. एका नोकरदारामागे एक विद्यार्थी. नियम मोजकेच ठेवा : पैसा थेट खात्यात जाईल, ठरल्या तारखेला जाईल, फोटो निघणार नाही, खर्चाच्या पावत्या मागायच्या नाहीत, आणि निवडीची कसोटी फक्त गरज असेल. शेजारच्या गल्लीतली मुस्लिम मुलगी त्या यादीत आली, तर बाबासाहेबांचे नाव मोठेच होईल.

जयंतीच्या वर्गणीची पावती पुस्तके लवकरच निघतील. पहिल्याच बैठकीत हा विषय मांडा, आणि पहिले नाव स्वतःचे लिहा.

जय भीम! जय संविधान!