कादंबरीचें संशोधन कोणासाठीं?

कादंबरी हा वाङ्मयप्रकार दरबारांत जन्मला नाहीं, मठांत वाढला नाहीं, आणि पंडितांच्या सभेंत त्याला मानाचें पान मिळावयास फार दिवस वाट पाहावी लागली. तो वाढला तो सामान्य वाचकाच्या घरांत. दुपारच्या निवांत वेळीं आणि रात्रीं दिवा मालविण्यापूर्वींच्या अर्ध्या तासांत. असें असतां ह्या कादंबरीविषयीं जें विद्वत्तापूर्ण संशोधन आज जगभर चाललें आहे, त्यांतील बराचसा भाग नेमका ह्याच वाचकाच्या दृष्टीआड कुलुपांत ठेविला जातो, आणि ज्यास तो पाहावयाचा असेल त्यानें अगोदर किल्लीची किंमत मोजावी असें त्यास सांगण्यांत येतें. हा प्रकार केवळ गैरसोयीचा नसून अनीतीचा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. त्याचबरोबर कुलूप काढण्याच्या नांवाखालीं जो दुसरा बाजार हल्लीं भरला आहे, तो पहिल्याहून अधिक अनीतीचा आहे, असेंही आम्हांस वाटतें. दोहोंचा समाचार एकाच लेखांत घेणें प्राप्त आहे; कारण एकाला दूषणें देतां देतां दुसऱ्याची भलामण करणारे लोक पुष्कळ आहेत.

प्रथम आपल्या घरची परंपरा पाहूं. बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' १८५७ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें दहा वर्षांनीं 'विविधज्ञानविस्तार' हें मासिक निघालें, आणि रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' ही कादंबरी त्यांतूनच क्रमशः वाचकांपुढें आली. ज्या मासिकांत कादंबरी यावी त्याच मासिकांत ग्रंथपरीक्षणही यावें, आणि दोन्ही एकाच वर्गणींत एकाच घरीं पोंचावीं, अशी त्या काळची रीत होती. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं १९०२ सालीं 'कादंबरी' हा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, तो कोणत्याही विद्यापीठांतील बढतीसाठीं लिहिला नव्हता. मराठी कादंबरीच्या स्थितीबद्दल मराठी वाचकाशींच त्यांस बोलावयाचें होतें. कुसुमावती देशपांडे यांचा 'मराठी कादंबरी: पहिलें शतक' हा ग्रंथ १९५३-५४ मध्यें दोन भागांत निघाला, तो ज्यास घ्यावयाचा त्यास दुकानांत मिळे, आणि ज्यास परवडत नसे त्यास ग्रंथसंग्रहालयांतून घरीं आणतां येई. सारांश, मराठींत कादंबरीची चिकित्सा जन्मली ती उघड्या अंगणांत. ती बंद कोठडींत गेली ती अलीकडे.

आतां ही कोठडी कशी बांधली जाते तें पाहावें. एखादा प्राध्यापक कादंबरीवर निबंध लिहितो. त्याचा पगार बहुधा लोकांच्या करांतून आलेला असतो. तो निबंध एखाद्या विद्वन्मान्य त्रैमासिकाकडे पाठवितो. त्याबद्दल त्यास दमडीही मिळत नाहीं. संपादक तो निबंध दोन तज्ज्ञांकडे परीक्षणासाठीं धाडतो. तेही आपलें काम विद्येची सेवा म्हणून विनामूल्य करितात. निबंध मान्य झाला कीं लेखक पुष्कळदां आपला स्वामित्वहक्क प्रकाशकास लिहून देतो. मग तोच निबंध प्रकाशक त्याच प्राध्यापकाच्या विद्यापीठास वार्षिक वर्गणी घेऊन विकतो, आणि विद्यापीठाबाहेरच्या मनुष्यास एकेका लेखाचें वेगळें दाम सांगतो. गाय आपली, वैरण आपली, धार काढणारे हातही आपले, आणि दूध मात्र शेजाऱ्याकडून विकत घ्यावयाचें, असा हा मासला आहे!

ह्या व्यवस्थेचा आपल्याशीं काय संबंध, असें कोणी विचारील. इयान रेसाइड ह्या इंग्रज पंडितानें १८२८ ते १८८५ ह्या काळांतील आरंभींच्या मराठी कथात्मक गद्याचा मागोवा घेणारा निबंध लिहिला. तो १९६८ सालीं 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज' ह्या अमेरिकन नियतकालिकांत छापला गेला. विषय सर्वस्वीं आपल्या घरचा. पण वर्ध्याच्या किंवा कऱ्हाडच्या वाचनालयांत बसून 'यमुनापर्यटन' वाचणाऱ्या मनुष्याच्या हातीं तो निबंध सहजासहजीं पडेल काय? आपल्या आजोबांची वंशावळ परक्याच्या पेटींत असावी आणि ती पाहावयास आपण परवाना काढावा, त्यांतलीच ही गत.

प्रकाशकांचा पक्षही ऐकून घेतला पाहिजे. ते म्हणतात, छपाईला, मुद्रितें तपासावयास, लेख चिरकाल जतन करावयास खर्च येतो. येतो, हें आम्हांस मान्य आहे. जो फुकटांत सर्व होतें म्हणतो त्यानें कधीं एक अंकही काढलेला नसावा. पण खर्च भागविणें निराळें आणि रस्त्यावर नाकें बसवून येणाऱ्याजाणाऱ्याकडून जकात वसूल करणें निराळें. लेखाचा मुख्य ऐवज म्हणजे लेखकाची आणि परीक्षकांची बुद्धि. ती ज्यास विनामूल्य मिळाली त्यानें तिच्यावर कायमचा टोल बसवावा, ह्यास व्यापार म्हणतां येईल, न्याय म्हणतां येणार नाहीं. ही गोष्ट विद्वानांसही उमगूं लागली आहे. २०१५ सालीं 'लिंग्वा' ह्या भाषाशास्त्राच्या नियतकालिकाच्या संपादकांनीं व सल्लागारमंडळानें एल्सव्हिअर ह्या प्रकाशकाशीं न पटल्यामुळें एकजुटीनें राजीनामे दिले, आणि 'ग्लोसा' नांवाचें सर्वांस खुलें असलेलें नवें नियतकालिक काढलें. भाषाशास्त्र्यांस जें जमलें तें कादंबरीच्या अभ्यासकांस कां जमूं नये?

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. मुक्तद्वार प्रकाशनाचा पुरस्कार म्हणजे सगळींच पुस्तकें फुकट वांटा असें म्हणणें नव्हे. कादंबरीकाराचा निर्वाह त्याच्या कादंबरीवर चालतो, निदान चालावा. त्याच्या हक्कास हात लावणें हें आम्ही चौर्य समजतों. २००२ सालीं बुडापेस्ट येथें विद्वानांनीं जो जाहीरनामा काढला, त्यांतही हा भेद स्पष्ट केलेला होता: जें लेखन विद्वान मंडळी मोबदल्याची अपेक्षा न धरितां जगास देतात, तेवढेंच आंतरजालावर सर्वांस मोकळें असावें, असा त्याचा आशय. म्हणजे दात्यानें जें दान म्हणून दिलें, तें मधल्या दलालानें विकूं नये, एवढीच ही मागणी आहे.

आतां दुसऱ्या बाजाराकडे वळूं. वाचकाकडून पैसे घेतां येत नाहींत तर लेखकाकडून घ्यावे, अशी युक्ति निघाली. वाचकाच्या दारावरचें कुलूप काढलें आणि तें लेखकाच्या दारावर लावलें! शास्त्रीय प्रयोगशाळांस मोठालीं अनुदानें असतात, त्यांतून असें शुल्क कदाचित् भागतही असेल. पण एखाद्या कादंबरीकारावर रात्री जागवून लिहिणाऱ्या तालुक्याच्या गांवच्या अध्यापकानें तें कोठून आणावें? आणि ह्याच फटींतून भोंदूंची एक जमात आंत शिरली. नांव भारदस्त, मुखपृष्ठ रंगीत, 'आंतरराष्ट्रीय' हें विशेषण ठळक टायपांत. पैसे भरावे आणि चार दिवसांत निबंध छापून घ्यावा. परीक्षण केवळ नांवापुरतें.

आमचें हें म्हणणें अतिशयोक्तीचें वाटत असेल तर पुराव्याकडे पाहावें. सावित्रीबाई फुले पुणें विद्यापीठांतील अभ्यासकांनीं २०१८ सालीं 'करंट सायन्स'मध्यें एक पाहणी प्रसिद्ध केली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादींत विद्यापीठांच्याच शिफारशीनें जीं नियतकालिकें आलीं होतीं, त्यांपैकीं १,००९ त्यांनीं तपासलीं. कोणाचा पत्ता नाहीं, कोणाच्या संपादकाचें नांव नाहीं, कोणी आपल्या प्रतिष्ठेचे आंकडेच खोटे दिलेले. अशा रीतीनें शेंकडा ८८ हून अधिक नियतकालिकें हलक्या प्रतीचीं असावींत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षीं आयोगानें ४,३०५ नियतकालिकें यादींतून काढून टाकिलीं. पुढें 'केअर' नांवाची नवी यादी झाली. २०२५ सालीं तीही आयोगानें बंद केली. यादी करणारे थकले, भोंदू थकले नाहींत.

असें कां झालें? निबंध मोजावयाचे, वाचावयाचे नाहींत, हा आमच्या विद्यापीठांचा शिरस्ता झाला म्हणून. प्रबंध सादर करण्यापूर्वीं निबंध छापलाच पाहिजे ही सक्ति २०२२ च्या नियमांनीं उठविली, तें बरें झालें. पण नेमणुकीच्या व बढतीच्या वेळीं संख्येची तागडी अजून टांगलेलीच आहे. म्हणून मग एका ठराविक सांच्यांत निबंध ओतले जातात: कादंबरीचें नांव बदलावें, उतारे बदलावेत, प्रस्तावना व समारोप तेच ठेवावे. असा निबंध सर्वांस मोकळा असला म्हणून कोणाचें भलें झालें? सडकें धान्य फुकट वांटणें ह्यास अन्नछत्र म्हणत नाहींत. कसून परीक्षण करून कुलुपांत ठेवणें हा कृपणपणा, आणि परीक्षणावांचून उघड्यावर मांडणें ही फसवणूक.

तिसरा मार्ग आहे, आणि तो कादंबरीच्याच अभ्यासकांनीं घालून दिला आहे. लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयांतील मार्टिन ईव्ह व कॅरोलाइन एडवर्ड्स यांनीं उभी केलेली 'ओपन लायब्ररी ऑफ ह्युमॅनिटीज' ही संस्था २०१५ सालीं कार्यास लागली. तिचा नियम सोपा आहे: वाचकाकडून कांहीं घ्यावयाचें नाहीं, लेखकाकडूनही कांहीं घ्यावयाचें नाहीं, निबंधाचें परीक्षण मात्र कसून करावयाचें, आणि खर्चाचा भार अनेक ग्रंथालयांनीं थोडाथोडा उचलावयाचा. थॉमस पिंचन ह्या अमेरिकन कादंबरीकाराच्या अभ्यासासाठीं २०१२ सालीं निघालेलें 'ऑर्बिट' हें नियतकालिक पुढें ह्याच छत्राखालीं आलें.

ह्या मार्गाचें फळ काय, तें एका उदाहरणावरून दिसेल. डेव्हिड मिचेल यांची 'क्लाउड ॲटलस' ही कादंबरी २००४ सालीं निघाली. ईव्ह यांनीं तिची ब्रिटिश प्रत आणि अमेरिकन प्रत शेजारीं शेजारीं ठेवून ताडून पाहिली, तों दोहोंच्या मजकुरांत ठिकठिकाणीं अंतर. कांहीं भागांत तर वाक्येंच्या वाक्यें निराळीं! दोन देशांतील संपादकांनीं केलेले फेरफार एकमेकांशीं जुळवून घेतले गेले नव्हते. म्हणजे ही गोष्ट न जाणतां दोन टीकाकार वाद घालूं लागले, तर ते दोन वेगवेगळ्या पुस्तकांविषयीं भांडावयाचे. हा शोध २०१६ सालीं वर सांगितलेल्या संस्थेच्याच नियतकालिकांत प्रसिद्ध झाला, आणि म्हणून ती कादंबरी ज्याच्या कपाटांत आहे असा कोणीही वाचक आपली प्रत काढून तो पडताळून पाहूं शकतो. संशोधनाची खरी परीक्षा हीच. दोन परीक्षकांच्या नजरेंतून जें सुटतें तें हजार वाचकांच्या नजरेंत सांपडतें. मात्र त्या हजारांस दार उघडें पाहिजे.

कोणी म्हणेल, सरकारनें तर 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली; मग तक्रार कसली? नोव्हेंबर २०२४ मध्यें मंत्रिमंडळानें तीन वर्षांसाठीं ६,००० कोटि रुपये मंजूर केले, आणि त्यांतून ३० प्रकाशकांचीं सुमारें १३,००० नियतकालिकें सरकारी उच्च शिक्षणसंस्थांस व संशोधनसंस्थांस मिळावयाचीं आहेत. विद्यार्थ्यांची सोय झाली, हें आम्ही मनापासून मान्य करितों. पण हें कुलूप मोडणें नव्हे. सरकारनें घाऊक भावानें किल्ल्या विकत घेतल्या, एवढाच त्याचा अर्थ. वर्गणी संपली कीं किल्ली परत. शिवाय निवृत्त झालेला शिक्षक, घरीं बसून अभ्यास करणारी गृहिणी, गांवच्या वाचनालयाचा सभासद, हे सर्व पूर्वींप्रमाणेंच बाहेर. ज्यांच्यासाठीं कादंबऱ्या लिहिल्या जातात, ते हेच लोक नव्हेत काय?

आणि पैसा नाहीं ही सबब मराठीला तरी शोभत नाहीं. मराठी विश्वकोश आज आंतरजालावर कोणासही विनामूल्य वाचतां येतो. 'शोधगंगा' ह्या भांडारांत मराठी कादंबरीवरील प्रबंध इतर विषयांबरोबर मोकळे ठेविलेले आहेत. तेव्हां आमची सूचना एवढीच कीं, विद्यापीठांचे मराठी विभाग आणि साहित्यसंस्था यांनीं वर्गणी काढून कादंबरीच्या अभ्यासास वाहिलेलें एक तरी नियतकालिक चालवावें. त्यानें लेखकाकडून एक पैही घेऊं नये. परीक्षणाची पद्धति व परीक्षकमंडळ जाहीर करावें. नाकारलेल्या लेखकास कारणें लेखी कळवावीं. चूक निघाली तर ती पुढच्या अंकांत ठळकपणें दुरुस्त करावी. स्वामित्वहक्क लेखकाकडेच ठेवावा. आणि अंक निघतांक्षणीं तो सर्वांस उघडा करावा. बढतीच्या समित्यांनींही पांच उत्तम निबंध मागावे आणि ते वाचावे. पन्नास मागूं नयेत आणि मोजूं नयेत. समितीस वाचावयास वेळ नसेल तर तिनें निवड करण्याचा अधिकारही सोडावा.

विद्या दिल्यानें वाढते हें आपण लहानपणापासून ऐकत आलों. तें खरें मानावयाचें असेल तर संशोधकानें आपला निबंध पाठविण्यापूर्वीं स्वतःस एक प्रश्न विचारावा: ज्या वाचकानें ही कादंबरी जिवंत ठेविली, त्याला माझा निबंध वाचतां येईल काय? उत्तर 'नाहीं' असें आलें, तर तो निबंध दुसरीकडे पाठवावा. प्रकाशकांचें मन वळावयास फार काळ लागेल. लेखकाचा लिफाफा मात्र आजच दुसऱ्या पत्त्यावर जाऊं शकतो.